उजवी भिंत

युगो वाहायला लागला की शिबेनिकमध्ये शहाणा माणूस कुठलंही नाजूक काम हातात घेत नाही. दक्षिणेकडून येणारा हा दमट वारा थेट डोक्यात जातो. नवराबायको विनाकारण भांडतात, भिंतींना घाम फुटतो आणि माझ्या दुकानातल्या रेकॉर्ड प्लेअरचे रबरी पट्टे सैल पडतात. अशा दिवशी मी सरळ दाराला कडी घालते आणि कपाळाला पट्टी बांधून बसते. त्या दिवशीही पट्टी बांधून कडी घालायलाच उठले होते, तेवढ्यात बार्बा बार्तुल दारात. काखेत मासळीची पेटी, तिच्यावर घोंगडी.

"श्योरा लुक्रे, आहेस का घरात?"

"नाही. मेले मी. उद्या या."

"मेलीस तर कॉफी कोण करणार?" असं म्हणून ते आत आले आणि पेटी माझ्या टेबलावर ठेवून मोकळे झाले. खाली माझी उघडलेली यंत्रं होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आमच्याकडे बार्बा म्हणजे काका आणि श्योरा म्हणजे बाई. बार्बा बार्तुल क्रापान्य बेटावरचे कोळी. सत्तरीला टेकलेले, जाडजूड, गुडघ्यातून वाकलेले. बाजारात मी त्यांच्याकडून मासे घ्यायची आणि दर वेळी घासाघीस करायची, एवढीच आमची ओळख. त्यांच्या घरात रेकॉर्ड प्लेअर असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. घोंगडी काढली तर आत जुना, चांगल्या लाकडाचा प्लेअर निघाला, आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक तबकडी.

"आई गेली ना मार्चमध्ये," ते म्हणाले. "तिच्या खोलीतला आहे. याची उजवी बाजू झोपलीय. तू तो सुईचा हात नीट करून दे. सगळे म्हणतात, शिबेनिकमध्ये हात नीट करावा तर लुक्रेनंच."

"सगळे म्हणजे कोण?"

"माझी भाची. आणि ती फार्मसीवाली."

माझं आयुष्य रेडिओत गेलं, आवाज मुद्रित करण्यात. रेडिओने घरी बसवल्यावर मी हे दुकान काढलं. लोक आजोबांचे प्लेअर आणतात, मी ते गाते करते. त्यामुळे फार्मसीवालीचं बोलणं मला अगदी वाईट लागलं नाही. मी कॉफी टाकली. बार्बांनी खिशातून वाळलेल्या अंजिरांची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि स्वतःच त्यातलं पहिलं अंजीर खाल्लं.

"तबकडीवर काय आहे?"

"मी आणि रोको."

रोको म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. ही गोष्ट क्रापान्यच्या बाहेरही सगळ्यांना माहीत होती: समुद्राच्या तळाचे स्पंज काढायला पाण्यात उतरला तो वर आलाच नाही. पण हे दोघे भाऊ गायचे, हे मला नवीन होतं. बार्बांनी सांगितलं की स्प्लिट शहरातल्या एका गाण्याच्या स्पर्धेत दोघांचा दुसरा नंबर आला. बक्षीस म्हणून एका स्टुडिओत नेऊन त्यांचं एक गाणं रेकॉर्ड केलं आणि त्याची एक तबकडी कापून हातात दिली. एकच.

"छापली नाही?"

"दोन कोळ्यांना कोण छापतंय, बाई? त्या वेळी स्टिरिओचं मोठं कौतुक होतं. त्यांनी मला डाव्या मायक्रोफोनपुढे उभं केलं, रोकोला उजव्या. म्हणाले, घरी लावाल तेव्हा डावीकडून तुम्ही गाणार, उजवीकडून तो. अगदी तसंच होतं. आई मधे बसायची. दोन्हीकडे एकेक मुलगा." त्यांनी अंजिराचं देठ खिशात टाकलं. "आता मी एकटाच बोंबलतोय."

मी म्हटलं, होतं असं, एखादी तार सुटली असेल, सुईला गंज आला असेल, बघू. पण ते ऐकत नव्हते. कॉफीच्या कपात बघत म्हणाले, "लुक्रे, मला त्याचा आवाज आठवत नाही."

मी अंजिरांची पुडी बाजूला सारली.

"सगळे म्हणायचे, दोघांचा गळा एकच. आईसुद्धा पाठीमागून हाक ऐकली की चुकायची. आता माझ्या डोक्यात रोको बोलतो ना, तेव्हा माझाच आवाज येतो. म्हातारा, खरखरीत. पण आमचा आवाज एक नव्हता. काहीतरी फरक होता. मला माहितीय की होता. काय होता, तेवढं हरवलंय. एकदा ऐकलं की मला कळेल. एकदाच ऐकायचंय. मग हा खोका तू ठेव, हवं तर."

अशा माणसापुढे डोकं दुखतंय म्हणून काय सांगणार? मी पट्टी सोडली, दिवा ओढून घेतला आणि झाकण उघडलं.

उघडलं मात्र, आणि माझा तोल गेला. सुईच्या हाताला एक खोड असते. तबकडी फिरायला लागली की तो आपसूक आतल्या बाजूला, मध्याकडे, ओढला जातो. ती ओढ मोडायला काही प्लेअरवर मागच्या बाजूला एका बारीक दोऱ्याला मुगाच्या डाळीएवढं वजन टांगतात. ते हाताला जरासं बाहेर धरून ठेवतं, म्हणजे सुई खाचेच्या बरोबर मधोमध चालते आणि दोन्ही बाजूंचा आवाज सारखा येतो. इथे त्या दोऱ्याला ऑलिव्हच्या बीएवढं शिसं लटकत होतं. मासे पकडायच्या गळाचं शिसं!

"हे कुठल्या गाढवानं टांगलं?"

"मी," बार्बा म्हणाले. छाती जराशी पुढेच आली होती. "मूळचं वजन आईनं झाडलोट करताना घालवलं. मी माझ्या गळांच्या डब्यातलं सगळ्यात हलकं शिसं काढलं. तेव्हापासून एकदा हललं असेल तर शपथ. गाठ बघ, गाठ!"

गाठ खरोखर सुरेख होती.

"आणि हे?" सुईच्या वरच्या बाजूला मेणाने चिकटवलेलं एक जुनं नाणं होतं.

"ते आईचं. सुई सारखी मागे उडी मारायची. तिनं वरून नाणं बसवलं, मग गप चालायला लागली."

सुई मागे का उडी मारत होती, हे मला तिथल्या तिथे कळलं. शिसं तिला बाहेर खेचत होतं, म्हणून. आणि वर नाण्याचा भार. म्हणजे त्या खाचेवर काय गुजरलं असेल, हेही कळलं. पण कळलं म्हणून लगेच मानायचं असतं का? मला वाटलं, तबकडी चिवट असेल. फार वेळा लावली नसेल. कोळ्याच्या घरात कोण रोज तबकड्या लावतंय. मी तोंडाला कुलूप घातलं आणि कामाला लागले.

दोरा कापला, नाणं उकरलं. जुनी सुई बघवत नव्हती, एका अंगाने पाचरीसारखी झिजली होती. ती काढून नवी बसवली. प्लेअरखाली पाचरी सारून तो सपाट केला. मग हाताचं मागचं वजन फिरवत फिरवत अशा जागी आणलं की तो हात हवेत आडवा तरंगत राहिला, ना वर ना खाली. हा क्षण मला अजून आवडतो. बार्बाही श्वास धरून बघत होते.

"वल्ह्यासारखं," ते हळूच म्हणाले.

"बोलू नका. तुमच्या श्वासानेसुद्धा हलतो."

तिथून मोजून पाहिजे तेवढाच भार सुईवर दिला. माझ्या डब्यातलं खरं वजन, मुगाच्या डाळीएवढं, नव्या दोऱ्याला टांगलं. आरसा ठेवून सुई सरळ उभी आहे ना ते पाहिलं. आणि माझी तपासणीची तबकडी लावली, जिच्यावर आधी फक्त डावीकडे घंटा वाजते, मग फक्त उजवीकडे, मग दोन्हीकडे. डावी घंटा स्वच्छ वाजली. उजवी घंटा स्वच्छ वाजली. दोन्ही वाजल्या तेव्हा आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे, हवेत, येऊन उभा राहिला.

"झालं!" बार्बांनी टेबलावर हात मारला. "म्हटलं नव्हतं, हातच वाकडा होता! लुक्रे, तू सोन्याची आहेस. ख्रिसमसला तुला ईल मासा आणून देतो, पैसे घेतले तर माझं नाव बदल."

कपाटातून त्यांनीच राकियाची बाटली शोधली. माझ्या कपाटातून, माझी बाटली. दोन पेले भरले आणि आईची गोष्ट सांगायला लागले. ती दर रविवारी चर्चमधून, मिस्साहून आली की टोपीसुद्धा न काढता ती तबकडी लावायची. दर रविवारी. शिवाय रोकोच्या नावाच्या संताच्या सणाला. शिवाय युगो आला की, कारण युगोत तिला करमायचं नाही.

"नंतर नंतर काय झालं," बार्बा हसत म्हणाले, "म्हणायला लागली, रोको लांबून गातोय. खुर्ची उजव्या स्पीकरकडे सरकवली. मग आणखी सरकवली. शेवटी तर खोक्याला खेटूनच बसायची. मी म्हटलं, आई, तुझा उजवा कान गेला. ऐकते कसली! म्हणे, माझे कान ठीक आहेत, रोकोच लांब जातोय. डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, वयाच्या मानाने उत्तम आहेत. म्हटलं, याला काही येत नाही. दुसऱ्याकडे नेलं, भांडून भांडून कानात यंत्र बसवलं. रविवारी ती ते मुद्दाम काढून ठेवायची. हट्टी होती फार."

"तुम्ही नाही का ऐकायचात तिच्याबरोबर?"

"मी?" त्यांनी पेला खाली ठेवला. "मला नाही ऐकवायचं ते. तिनं टोपी घालून प्लेअरकडे पाऊल टाकलं की मी जाळी घेऊन बाहेर. परवा तिची खोली आवरताना पहिल्यांदा लावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

आता मला खात्रीच झाली होती. तरी मी अभ्र्यातून तबकडी काढली, आणि उजेडात धरल्यावर उरलीसुरली आशाही गेली. ही काही छापलेली कडक तबकडी नव्हती. स्टुडिओत एकेक कापतात ती, पत्र्यावर लाखेसारखा मऊ थर दिलेली. अशी तबकडी नीट लावली तरी थोडक्या वेळात झिजते. त्या स्टुडिओवाल्यांनी देताना एका शब्दाने तरी सांगायचं होतं की बाबांनो, ही जपून लावा! कशाला सांगतील. दोन कोळी, दुसरा नंबर. खाचांमध्ये पिठासारखी पांढुरकी भुकटी बसली होती.

"लाव ना," बार्बा म्हणाले. खुर्ची ओढून ते दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे बसले, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी सुई ठेवली.

डावीकडून एक तरुण गळा उसळून आला, भरदार, मस्तवाल, आपल्या ताकदीवर खूश. उजवीकडून आलं ते फक्त कढईत मासे परतल्यासारखं. चरचर, चरचर. त्या चरचरीखाली कुठे काही आहे का म्हणून मी कान ताणले. आवाज जिथे वर चढायला हवा तिथे चरचर वाढत होती, बाकी काही नाही.

गाणं संपलं. बार्बा हलले नाहीत.

"हात अजून थोडा उजवीकडे दाब," ते म्हणाले.

"हात बरोबर आहे, बार्बा. आत्ताच घंटा ऐकल्यात ना तुम्ही?"

"अजून थोडा दाब म्हणतो ना."

मी दाबला. मला माहीत होतं की काही होणार नाही, तरी दाबला. भार वाढवला, मग कमी केला. दोऱ्याचं वजन एक खूण पुढे घेतलं, एक मागे. सुई कणभर तिरकी केली. ते मागे उभे राहून नाव धक्क्याला लावावी तसे हुकूम सोडत होते, आता असं, आता तसं, थांब, परत. दर वेळी डावीकडे तोच मस्तवाल पोरगा आणि उजवीकडे तीच कढई. शेवटी मी ओरडले.

"पुरे! हाताचं काम संपलंय! हात आता उभ्या शिबेनिकमध्ये नसेल इतका बरोबर आहे!"

"मग तो का गात नाही?"

खोटं सांगता आलं असतं. दमट हवेने गेली, काळाने गेली, तबकड्या मरतातच, काहीही. सांगायला हवं होतं, असं आज वाटतं. पण जन्मभर ज्या कामात मी खोटं बोलले नाही त्यात ते जिभेवर येईना. आणि खरं म्हणजे मी चिडले होते, युगोवर, त्या स्टुडिओवर, त्या सुरेख गाठीवर.

"खाच म्हणजे चर असतो, बार्बा," मी म्हटलं. दोन्ही तळवे एकमेकांशी तिरपे जोडून दाखवले. "त्याला दोन भिंती असतात. एका भिंतीवर डावा आवाज कोरलेला, दुसरीवर उजवा. सुई मधून चालते, दोन्ही भिंतींना सारखी टेकत. ती एका बाजूला ओढली गेली तर त्या बाजूची भिंत खरवडते. दर वेळी थोडी."

ते कोळी होते. वजन, दोरी, ओढ, यातलं त्यांना काही शिकवावं लागत नव्हतं. त्यांनी कापलेल्या दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या तळव्यांकडे.

"माझं शिसं कुठे ओढत होतं?"

"बाहेर."

"बाहेरची भिंत कुणाची?"

मी जोडलेले तळवे सोडवले.

"लुक्रे. कुणाची?"

"उजवी."

खाली गल्लीत कुणाची तरी खिडकी वाऱ्याने आपटत होती आणि कुणीही ती लावत नव्हतं. बार्बांनी टोपी मांडीवरून उचलली, उलटी केली, आत पाहिलं, परत ठेवली.

"मग आईचे कान," ते म्हणाले.

"चांगले होते, बार्बा."

त्यांनी मान हलवली, हो, हो, अशी, जसं बाजारात भाव पटल्यावर हलवतात. पुष्कळ वेळ हलवत राहिले. मग म्हणाले, "तिला म्हणालो होतो, वेडी झालीस. अगदी ह्याच शब्दांत." मला रडू आलं. त्यांना नाही आलं, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं.

टोपीची कड चोळत ते म्हणाले, "भाची म्हणते कॉम्प्युटरवर सगळं निघतं."

"कॉम्प्युटर वरची घाण काढतो. जे भुगा होऊन उडून गेलं ते कुठून आणणार? भिंतच नाहीये, बार्बा."

"म्हणजे काहीच नाही."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण रेडिओची सवय. दोन माणसं एका खोलीत गायली की एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये थोडासा शिरतोच. कितीही दूर उभं करा. डाव्या भिंतीवर बार्तुल होता, पण त्याच्या मागे, पुसट, शेजारच्या खोलीतून यावा तसा, रोकोही असणार. ती भिंत कशीबशी शाबूत होती. मी हे त्यांना सांगितलं, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला माझी जीभ छाटून टाकावीशी वाटली.

उजवा स्पीकर मी बंद केला. डावा आवाज वाढवला. सुई ठेवली.

"त्या पोराच्या मागे ऐका," मी म्हटलं. "पुढच्या आवाजाकडे लक्ष देऊ नका."

आणि होता. मलाही ऐकू आला. वरच्या सुरात, भावाच्या डोक्यावरून जाणारा, बारीक. बार्बांनी माझं मनगट धरलं. "आहे," ते म्हणाले. "आहे गं. आहे." पण आहे एवढंच कळत होतं. कसा आहे ते कळायच्या आत पुढचा आवाज त्याच्यावर येऊन पडायचा. मी खालचे सूर कमी केले, दोघे पातळ झाले. वरचे कमी केले, दोघे बुडाले. गळे खरंच एका आईचे होते, एकाला धरून दुसऱ्याला सोडवता येईना.

"पहिल्या ओळीला तो एकटा असेल ना?" मी विचारलं. आमच्याकडे वरचा आवाज पहिली ओळ एकटा उचलतो, बाकीचे नंतर मिळतात. लहान पोरालाही माहीत असतं.

"असायला हवा होता," बार्बा म्हणाले. त्यांची नजर स्पीकरवरून हलत नव्हती. "पण मी थांबलो नाही. काचेपलीकडे एक मुलगी बसली होती, बटणं फिरवायला. तिनं माझ्याकडे बघावं म्हणून मी पहिल्या सुरापासून घुसलो. आणि मुद्दाम मोठ्यानं गायलो. रोको बाहेर आल्यावर हसत होता. म्हणाला, मला एक ओळ तरी द्यायचीस."

मी पुन्हा लावलं. मग पुन्हा. एका कडव्याच्या शेवटी रोकोचा सूर मागे कुठेतरी वळतो, काहीतरी नाजूक करतो, तिथे बार्बा दर वेळी पुढे झुकायचे, आणि दर वेळी त्याच जागी तो तरुण बार्तुल छाती भरून वर यायचा.

चौथ्या की पाचव्या वेळी ते उठले. एवढे जाडजूड, गुडघ्यात वाकलेले बार्बा माझ्या स्पीकरवर ओरडले, "गप्प बस की रे! गप्प बस, मूर्खा! गाऊ दे ना त्याला जरा!"

त्या पोराने ऐकलं नाही. मागचा बारीक आवाज थांबला, आणि हा शेवटचा सूर त्याच्यापेक्षाही लांब ओढत राहिला.